कारची बॅटरी: कुठल्या कंपनीची किती वर्षं चालली?

कोथरूडकर:
नमस्कार मंडळी. माझी २०१८ ची वॅगनआर आहे, पेट्रोल. गाडीबरोबर आलेली बॅटरी ४ वर्षं ८ महिने चालली, एकदाही त्रास नाही. नंतर बाहेरून टाकलेली दुसरी २ वर्षं १ महिन्यात बसली. गेल्या बुधवारी पहाटे साडेपाचला बाबांना डायलिसिसला न्यायचं होतं, हात धरून खाली आणलं, गाडीत बसवलं, पट्टा लावला आणि सेल्फ मारला तर नुसतं टक टक टक टक, डॅशबोर्डचे सगळे दिवे मंद होतायत आणि परत लागतायत. दोनदा केलं, तिसऱ्यांदा तेही नाही. बाबा म्हणाले अरे राहू दे रिक्षा बघ. त्या वेळी रिक्षा मिळायला पंचवीस मिनिटं गेली, ते बिचारे गेटपाशी खुर्चीवर बसून होते, मला फार वाईट वाटलं. शेजारच्या काकांच्या गाडीवरून नंतर जंप स्टार्ट केली, चालू झाली, पण आता विश्वास उडालाय.

तर प्रश्न सरळ आहे, कुठल्या कंपनीची बॅटरी खरोखर टिकते? एक्साइड, अमरॉन, एसएफ सॉनिक, टाटा ग्रीन, लिव्हगार्ड, बॉश अशी नावं दुकानदार सांगतोय. प्रत्येकाने शहर, गाडी, रोजचा वापर आणि बॅटरी किती वर्षं चालली एवढं लिहा. ज्यांची लवकर गेली त्यांनी कंपनीचं नाव टाकू नका अशी विनंती, माझ्या गेलेल्या बॅटरीचं नाव मीही टाकत नाहीये, कारण बॅटरी का गेली हे समजल्याशिवाय कुणाला दोष देणं बरं नाही. चांगल्या अनुभवाला नाव बिनधास्त लिहा.

मेधा_न:
नाशिक. आय ट्वेंटी, रोज २६ किमी जाऊन येऊन. अमरॉन, ५ वर्षं ३ महिने. बदलली तेव्हाही बंद पडली नव्हती, थंडीत सेल्फ जड वाटायला लागला म्हणून आधीच बदलली. बाबांची काळजी घ्या.

वऱ्हाडी_भाऊ:
अकोला. भाऊ आमच्याकडं पाच वर्षं म्हणजे सपनच समजा. आमच्या घरी तीन गाड्या, तीन वेगवेगळ्या कंपनीच्या बॅटऱ्या, आणि तीनही अडीच ते साडेतीन वर्षांत गेल्या. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, गाडी दिवसभर उन्हात, बॉनेट उघडलं की आतून भट्टीसारखी वाफ येते अन त्याच खोक्यात बॅटरी बसलेली. माझा मोठा भाऊ पुण्यात राहतो, त्याची तीच कंपनी, तेच मॉडेल, साडेपाच वर्षं. आता सांगा कंपनी चांगली का वाईट? आमच्याकडं लोक म्हणतात अमुक कंपनीची घेऊ नका अन तिकडं पुण्यात तीच सगळ्यात भारी.

अँपिअर:
वऱ्हाडी भाऊंनी अगदी मुद्द्याचं लिहिलंय. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. आतल्या शिशाच्या जाळ्या उष्णतेने झपाट्याने गंजतात आणि पाणी उडतं. म्हणून विदर्भातला माणूस आणि महाबळेश्वरचा माणूस एकाच बॅटरीबद्दल दोन टोकाचं बोलतात आणि दोघंही खरं बोलत असतात. एक बारीक गोष्ट बघा, बऱ्याच गाड्यांत बॅटरीभोवती जाड फोमचं किंवा प्लॅस्टिकचं आवरण असतं, ते इंजिनची गरमी अडवायला दिलेलं असतं. बॅटरी बदलताना मेकॅनिक ते काढून कोपऱ्यात टाकतो आणि परत घालत नाही. आठवणीने घालून घ्या.

कोथरूडकर, तुमचा वापर किती? आठवड्यात गाडी किती दिवस उभी असते?

कोथरूडकर:
@अँपिअर, ऑफिसला मी मेट्रोने जातो. गाडी फक्त बुधवार आणि शनिवार, हॉस्पिटल जाऊन येऊन १२ किमी. बाकी दिवस पार्किंगमध्ये कव्हर घालून.

वायरमन_सांगली:
राम राम. मी ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो, २२ वर्षं झाली. रोज बॅटऱ्याच हाताखालून जातात म्हणून लिहितो. लोक येतात आणि पहिलं वाक्य हेच, दादा चांगल्या कंपनीची द्या. मी म्हणतो आधी जुनी का मेली ते बघू.

परवाचीच गोष्ट. एक ट्रॅक्टरवाले पाव्हणे आले, बॅटरी एकदम बेकार आहे म्हणून भंगारात द्यायला निघालेले. झाकणाची सहा बुचं काढली आणि ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या अ‍ॅसिडची घनता, बघायला हायड्रोमीटर लावला. पहिला सेल, म्हणजे पहिला कप्पा, बाराशे चाळीस, दुसरा बाराशे चाळीस, तिसरा बाराशे पस्तीस, असं करत पाचवा पण ठीक, आणि सहावा अकराशे वीस. काचेच्या नळीतलं तरंगणारं बोंडूक वर यायलाच तयार नाही, तळाला बसलंय. त्या एका सेलचं पाणी प्लेटच्या खाली गेलेलं, वरची बोटभर प्लेट पांढरी फटक वाळलेली. पाच सेल ठणठणीत आणि एकामुळं सगळी बॅटरी गेली. वर्षभरात कुणी बुच उघडून बघितलं नव्हतं. वीस-तीस रुपयांच्या डिस्टिल वॉटरवर निभावलं असतं. आणि नळाचं पाणी, बोअरचं पाणी, फिल्टरचं पाणी यातलं काहीही घालू नका, फक्त डिस्टिल. अ‍ॅसिड तर अजिबात वाढवायचं नाही, उडतं ते पाणीच, अ‍ॅसिड आतच असतं.

आता कारच्या बहुतेक बॅटऱ्या सीलबंद मेंटेनन्स फ्री येतात, त्यात बुच उघडायची सोय नाही. त्याला व्होल्टेज बघा आणि लोड टेस्टर, म्हणजे जोर देऊन बॅटरीचा दम बघायचं यंत्र, लावा. वर जो हिरवा डोळा असतो त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका, तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो. मी डोळा हिरवागार असलेल्या मेलेल्या बॅटऱ्या पोत्यानं बघितल्यात.

आणि मीटरवर १०.५ च्या आसपास येऊन थांबत असेल, चार्जिंगला लावून पण पुढं सरकत नसेल, तर एक सेल शॉर्ट. ती बॅटरी मग कुणाचीही असो, सोडून द्यायची.

मेधा_न:
वायरमन दादा, व्होल्टेज किती असलं की ठीक म्हणायचं? माझ्याकडे मल्टिमीटर आहे पण आकडा बघून कळत नाही.

वायरमन_सांगली:
ताई, गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी सेल्फ मारायच्या आधी, दार जास्त वेळ उघडं न ठेवता, टर्मिनलवर मीटर लावा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ म्हणजे जवळपास रिकामी. बरेच लोक १२ बघून म्हणतात बाराची बॅटरी बारा दाखवते, बरोबर आहे की. तसं नाही. मग गाडी चालू करून परत बघा, १३.८ ते १४.४ च्या मधे आलं पाहिजे, म्हणजे अल्टरनेटर, इंजिनवर फिरून वीज बनवणारा, चार्ज करतोय. १३ च्या खालीच राहत असेल तर बॅटरी बदलून उपयोग नाही, नवी पण मरणार. १५ च्या वर जात असेल तर बॅटरी उकळून मरणार. सेल्फ मारताना दुसऱ्या कुणाला मीटर बघायला सांगा, त्या वेळी ९.६ च्या खाली जात असेल तर दम संपत आलाय.

दुबईकर_संज्या:
इथे दुबईत तर अकोल्याहून वाईट. माझी प्राडो, पहिली बॅटरी दोन वर्षं, दुसरी बावीस महिने, तिसरी सुरू आहे. तीन वेगळे ब्रँड. इथले गॅरेजवाले सरळच सांगतात की दोन उन्हाळे झाले की तिसऱ्याची वाट बघू नका, बदलून टाका. बेसमेंट पार्किंग मिळालेल्या मित्राची चार वर्षं चालली, गाडी तीच.

मिनेसोटा_मावशी:
मी मिनियापोलिसला, एकोणीस वर्षं झाली. आमच्याकडे उलटं दुखणं. जानेवारीत उणे २५, कधी उणे ३०. इथे बॅटरी घेताना लोक महिन्यांच्या वॉरंटीच्याही आधी सीसीए बघतात, म्हणजे उणे १८ सेल्सियसला ३० सेकंद ती किती अँपिअर देऊ शकते आणि तरी ७.२ व्होल्टच्या खाली जात नाही तो आकडा. थंडीत बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि तिकडे इंजिनमधलं ऑइल घट्ट होऊन सेल्फला जास्त जोर लागतो. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, बॅटरी खराब होते जुलैच्या गरमीत आणि ते कळतं जानेवारीत. उणे २० ला बंद पडली की लोक थंडीला बोल लावतात. आणि उतरलेली बॅटरी थंडीत तशीच सोडली तर आतलं पाणी गोठून खोकं फुगतं, तडा जातो. भरलेली असेल तर इतक्या थंडीतही गोठत नाही. इथेही दुकानागणिक वेगळी नावं असतात पण बनवणारे मोठे कारखाने मोजकेच, क्लॅरिओस आणि ईस्ट पेन यांच्याकडूनच कितीतरी लेबलं निघतात. शिवाय इकडची एक्साइड आणि भारतातली एक्साइड या दोन वेगळ्या कंपन्या आहेत, नाव एक असलं तरी. भारतातून नवीन आलेली मुलं हमखास गोंधळतात.

चिंचवडचा_मुलगा:
कंपन्यांचा विषय निघालाच आहे तर लिहितो, आमचं घर चिंचवडला, लहानपणापासून एक्साइडचा कारखाना बघत मोठे झालो. ती कंपनी १९४७ साली असोसिएटेड बॅटरी मेकर्स (ईस्टर्न) या नावाने सुरू झाली, पहिला कारखाना बंगालमध्ये श्यामनगरला, दुसरा आमच्या चिंचवडला १९६९ साली. मधे क्लोराइड इंडिया असं नाव होतं, आमच्या आळीतली जुनी माणसं अजून क्लोराइडच म्हणतात. १९९५ ला एक्साइड इंडस्ट्रीज झालं. १९९८ ला त्यांनी स्टँडर्ड बॅटरीजचे कारखाने घेतले, त्यात तळोजाही आला, आणि एसएफ हे नाव तिथूनच त्यांच्याकडे आलं. म्हणजे दुकानात एक्साइड घेऊ का एसएफ सॉनिक यावर तासभर वाद घालणाऱ्यांना हे माहीत असावं की घर एकच आहे.

अमरॉन ही अमर राजा या तिरुपतीकडच्या कंपनीची, कंपनी १९८५ ची आणि अमरॉन हे नाव बाजारात २००० साली आलं. अमेरिकेच्या जॉन्सन कंट्रोल्सबरोबर त्यांची भागीदारी होती ती २०१९ मध्ये संपली. त्यांनीच भारतात गाडीच्या बॅटरीची हिरवी पेटी आणि लांब वॉरंटी इतकी लोकप्रिय केली की बाकीच्यांनाही वॉरंटी वाढवावी लागली असं माझं मत आहे. टाटा ग्रीन म्हणजे टाटा ऑटोकॉम्प आणि जपानची जीएस युआसा, कारखाना आपल्या रांजणगावला. तिन्हीकडे माल चांगलाच बनतो, गाडी कंपन्या यांच्याकडूनच बॅटऱ्या घेतात आणि त्यांच्या तपासण्या कडक असतात. त्यामुळे मोठ्या तीन-चार नावांत एक अमृत आणि एक विष असं काही नसतं. माझ्या स्विफ्टला टाटा ग्रीन, ४ वर्षं झाली, चालू आहे.

कोथरूडकर:
चिंचवडचा_मुलगा, उत्तम माहिती. पण मग माझी पहिली पावणेपाच वर्षं आणि दुसरी दोन वर्षं असं का? गाडी तीच, शहर तेच, पार्किंगही तेच, आणि तेही बेसमेंट, म्हणजे ऊन नाही.

अँपिअर:
कोथरूडकर, पहिल्या बॅटरीच्या काळात तुम्ही गाडी रोज चालवत होतात का? आणि नंतर गाडीत काही नवीन बसवलं का? म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा, जीपीएस, डॅशकॅम?

कोथरूडकर:
हो, २०२३ पर्यंत ऑफिसला रोज गाडीच न्यायचो. आणि डॅशकॅम बसवलाय, पार्किंगमध्ये कुणीतरी दार घासून गेलं होतं म्हणून. २०२३ मध्येच, बॅटरी बदलल्यावर महिन्याभराने.

अँपिअर:
मग आता हिशोब मांडू.

गाडी लॉक केल्यावरही थोडा करंट ओढते, घड्याळ, सेंट्रल लॉक, ईसीयूची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची, मेमरी वगैरे. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक समजतात. पण हे ५० सुद्धा कमी नाहीत बरं का, दिवसाला १.२ अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-अवर), म्हणजे तीस दिवसांत ३६. तुमच्या वॅगनआरची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. म्हणजे काहीही बिघाड नसलेली गाडी महिनाभर उभी ठेवली तरी बॅटरी रिकामी होते. २०२० च्या लॉकडाऊननंतर घरोघरी बॅटऱ्या गेल्या त्या अशाच, आणि लोकांनी शिव्या कंपन्यांना घातल्या.

आता उलट बाजू. बरेच जण म्हणतात छोट्या फेऱ्यांमुळे सेल्फ मारून मारून बॅटरी संपते. सेल्फ साधारण दोनशे अँपिअर ओढतो पण दोन सेकंद, म्हणजे फक्त ०.११ अँपिअर-अवर. ते पाच मिनिटांत भरून निघतं. संपवतं ते उभं राहणं. आणि भरायला वेळ लागतो, कारण बॅटरी जसजशी भरत येते तसतसा तिचा करंट घेण्याचा वेग कमी होतो, शेवटचा पाव भाग भरायला तासन्‌तास लागतात. तुमच्या ६-६ किलोमीटरच्या फेऱ्यांत तो भाग कधी भरतच नसणार.

आणि अर्धी उतरलेली बॅटरी तशीच राहिली की प्लेटवर लेड सल्फेटचे खडे धरतात. ताजे असताना चार्जिंगने विरघळतात, आठवडेच्या आठवडे राहिले की कडक होतात आणि मग काही केल्या जात नाहीत. तेवढी प्लेट कायमची बाद. माणसं म्हणतात बॅटरी अचानक गेली, ती दोन वर्षं रोज थोडी थोडी जात असते.

तुम्ही एक करा. मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात. बॉनेट उघडून, चावी काढून, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा आणि मीटर तिच्या आणि निगेटिव्ह टर्मिनलच्या मधे लावा. दारं बंद, लॉक करा, अर्धा तास थांबा म्हणजे गाडीची सगळी युनिट झोपतात, मग आकडा वाचा. मीटर मधे असताना सेल्फ चुकूनही मारू नका, मीटरचा फ्यूज लगेच उडेल.

आंबोळगड:
रत्नागिरी जिल्हा. आमचा त्रास खाऱ्या हवेचा. बॅटरी चांगली पण टर्मिनलवर पांढरा-हिरवा बुरा चढतो, इतका की खालची धातू दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात माझी ओमनी बंद, गॅरेजवाला म्हणाला नवी टाका, सहा हजार सांगितले. मी घरी येऊन कपभर गरम पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने टर्मिनल घासलं, फस्स करून फेस आला आणि बुरा वाहून गेला, मग साधं पाणी, कोरडं फडकं, पॉलिश पेपरने आतून-बाहेरून चकचकीत केलं, घट्ट आवळलं आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवला. पहिल्या सेल्फला चालू. ती बॅटरी त्यानंतर चौदा महिने चालली. काढताना आधी निगेटिव्ह काढायची, लावताना शेवटी निगेटिव्ह, नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगी. आणि बुरा हाताने चोळू नका, अ‍ॅसिड असतं, डोळ्याला तर लागूच देऊ नका.

नेक्सॉनवाली:
ठाणे. इलेक्ट्रिक गाडी घेतल्यावर मला वाटलं बॅटरीच्या या कटकटीतून सुटले. तसं नाहीये. मोठ्या बॅटरीशिवाय साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते आणि दार, डिस्प्ले, मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर म्हणजे तिला जोडणारे स्विच हे सगळं तिच्यावरच चालू होतं. ती उतरली की मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही गाडी हलत नाही. माझ्याबरोबर एकदा झालंय, गावाला तीन आठवडे गेलो होतो. इलेक्ट्रिकवाल्यांनी हिलाही विसरू नये.

वऱ्हाडी_भाऊ:
हे मला माहीतच नव्हतं ताई. आमच्या साल्याला सांगतो, त्यानं नवीनच घेतलीय.

गाडीवेडा_कोल्हापूर:
अजून एक चूक सर्रास होते. ज्या गाड्या सिग्नलला स्वतः बंद होऊन क्लच दाबल्यावर चालू होतात त्यांना ईएफबी किंवा एजीएम जातीची बॅटरी असते, वारंवार थोडी उतरणं-चढणं सहन करेल अशी बनवलेली. दुकानदार स्वस्त म्हणून साधी देतो, बसते व्यवस्थित, चालूही होते, आणि दीड-दोन वर्षांत संपते. मग नाव खराब कंपनीचं. माझ्या चुलतभावाच्या ब्रेझाला असंच झालं. जुन्या बॅटरीवर जे लिहिलंय तेच मागा. तिच्यावरचा नंबर पण बघा, ३८बी२०एल म्हटलं तर बी म्हणजे रुंदी-उंचीचं माप, २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटचं अक्षर एल का आर ते टर्मिनल कुठल्या बाजूला हे सांगतं. चुकीचं आणलं तर केबल पोचत नाही आणि मग गॅरेजवाला ती ताणून लावतो. तसं करू देऊ नका.

वायरमन_सांगली:
कोल्हापूरकरांचं शंभर टक्के बरोबर. आता खरेदीचं सांगतो, कारण लोक पाचशे रुपयांसाठी घासाघीस करतात आणि महत्त्वाचं विचारतच नाहीत.

पहिलं, बनवल्याची तारीख. बॅटरीवर कोड मारलेला असतो, दुकानदाराकडून त्याचा अर्थ विचारून घ्या, नाही सांगितला तर दुसरं दुकान. दुकानात नुसती उभी असलेली बॅटरी पण हळूहळू उतरते. आठ-दहा महिने कोपऱ्यात धूळ खाल्लेली कितीही भारी कंपनीची असली तरी घेऊ नका, दोन-तीन महिन्यांच्या आतली घ्या. बसवायच्या आधी तुमच्यासमोर मीटर लावायला सांगा, १२.५ च्या खाली असेल तर नको म्हणा.

दुसरं वॉरंटी. पेटीवर ५५ महिने लिहिलेलं बघून लोक खूश होतात. त्यात बारीक अक्षरात ३०+२५ असं असतं, म्हणजे ३० महिने फुकट बदली आणि पुढचे २५ प्रो-राटा. प्रो-राटा म्हणजे नवी बॅटरी छापील किमतीवर काही टक्के कमी करून, आणि दुकानात तर एरवीच छापीलपेक्षा कमीत मिळते, त्यामुळं शेवटच्या वर्षात हातात फारसं काही येत नाही. म्हणून एकूण महिन्यांपेक्षा पहिला आकडा बघा. बदलून मिळालेल्या बॅटरीला सहसा उरलेलीच वॉरंटी असते, नवी सुरू होत नाही. टॅक्सीला वॉरंटी कमी असते, खोटं सांगू नका. कार्डावर शिक्का, तारीख, गाडीचा नंबर आणि बॅटरीचा सिरियल नंबर तिथंच लिहून घ्या, कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. निम्मे लोक माझ्याकडं कार्ड हरवलं म्हणून येतात, मला पण हळहळ वाटते पण मी काय करणार.

आणि कोथरूडकर साहेब, तुमची २५ महिन्यांची आहे ना? म्हणजे फुकट बदलीत बसण्याची शक्यता आहे, कार्ड शोधा आधी.

कोथरूडकर:
वायरमन दादा, कार्ड आहे!! ग्लोव्ह बॉक्समध्येच होतं. २४+२४ लिहिलंय. म्हणजे महिन्याभराने हुकलं. असो.

रानवारा:
एक कळकळीची विनंती. नवी घ्याल तेव्हा जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्या, भंगारवाल्याने शे-दोनशे जास्त दिले तरी त्याला देऊ नका. मी शाळेत शिकवते, आमच्या भागाजवळ एके काळी उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे, अ‍ॅसिड सरळ ओढ्यात. शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. ती भट्टी बंद होईपर्यंत आम्ही काय काय केलं ते इथे लिहीत नाही, पण ती काळी राख आणि त्यात खेळणारी पोरं मी विसरू शकत नाही. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी जुनी बॅटरी गोळा करून तिचं रीसायकलिंग करवून घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर टाकलीय. दुकानात बायबॅकही मिळतो, बिलातून तेवढे कमी होतात. हेच शिसं परत नव्या बॅटरीत जातं, पण ते नीट कारखान्यात वितळवलं गेलं पाहिजे.

मेधा_न:
रानवारा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. माझी जुनी अजून घराच्या गच्चीत पडलीय, उद्याच देते.

दुबईकर_संज्या:
भारतात किमती आता उतरल्या म्हणे?

चिंचवडचा_मुलगा:
हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. बिल बघून घ्या, जुना दर लावलेला नाही ना.

कोथरूडकर:
मंडळी, शनिवारी संध्याकाळी सगळं करून बघितलं. अँपिअर यांनी सांगितलं तसं मीटर लावलं, धाकटी मुलगी टॉर्च धरून उभी होती. लॉक केल्यावर सुरुवातीला आकडा वरखाली होत होता, पंचवीस मिनिटांनी स्थिर झाला, ०.१८. म्हणजे १८० मिलिअँपिअर! डॅशकॅमचा फ्यूज ओढला आणि आकडा एकदम ०.०२ वर आला. अ‍ॅक्सेसरीवाल्याने डॅशकॅमची वायर सरळ बॅटरीवरून घेतली होती, व्होल्टेज कमी झालं की बंद होण्याची सोयच नाही, चोवीस तास चालू. मग बसून हिशोब केला, १८० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ४.३, शनिवार ते बुधवार चार दिवसांत १७. अर्धी बॅटरी. आणि हॉस्पिटलला जाऊन येऊन पाऊण तासात परत भरणार किती? दोन वर्षं मी आठवड्यातून दोनदा तिला जवळपास अर्धी रिकामी करत होतो आणि बाबांना गेटपाशी बसावं लागलं ते त्यामुळे.

अँपिअर:
०.०२ म्हणजे उत्तम आहे, गाडीत बाकी काही दोष नाही. डॅशकॅम पाहिजेच असेल तर कमी व्होल्टेजला कट होणारं हार्डवायर किट घाला आणि कट १२.२ वर ठेवा, ११.६ वर नको, तोपर्यंत बॅटरीचं नुकसान झालेलं असतं. नाहीतर चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या लाइनवर घ्या. बेसमेंटमध्ये तुमच्या जागेजवळ प्लग पॉइंट असेल तर सोसायटीला विचारून पंधरवड्यातून एकदा रात्रभर छोटा स्मार्ट चार्जर लावा, भरली की आपोआप थांबतो. ते नसेल तर रविवारी खडकवासल्यापर्यंत जाऊन या, तास-दीड तास सलग, एसी आणि मागची काच गरम करायचं बटण बंद ठेवून.

गाडीवेडा_कोल्हापूर:
मग जुनी बॅटरी चार्ज करून वाचेल का?

वायरमन_सांगली:
प्रयत्न करायला हरकत नाही. हळू चार्जिंगला लावायची, ३५ च्या बॅटरीला तीन-साडेतीन अँपिअरवर पूर्ण रात्र, मग बारा तास नुसती ठेवायची आणि लोड टेस्ट. जागा हवेशीर पाहिजे, चार्ज होताना हायड्रोजन निघतो, जवळ विडी-काडी नको. लोड टेस्टमध्ये पास झाली तर घरच्या दुसऱ्या कामाला वापरा. पण साहेब, तुमच्याकडं पेशंट आहे. पहाटेच्या गाडीला मी ती बॅटरी परत लावणार नाही.

कोथरूडकर:
नवीन घेतली. दुकानात तीन कंपन्यांच्या होत्या, मी प्रत्येकीचा कोड विचारला, दोन सात महिन्यांच्या निघाल्या, एक पाच आठवड्यांची, तीच घेतली. एक्साइड आहे, पण दुसरी ताजी असती तर दुसरी घेतली असती. मीटर लावून बघितलं १२.६८. फोमचं आवरण जुन्या बॅटरीवरून काढून आठवणीने परत घातलं, जुनी दुकानातच दिली. जंपर केबलही घेऊन डिकीत ठेवली, आणि आधी दोन्ही लाल, मग चांगल्या बॅटरीला काळी, शेवटची काळी आपल्या इंजिनच्या बॉडीला, हे मुलीकडून पाठ करून घेतलंय, ती कॉलेजला गाडी नेणार आहे पुढच्या वर्षी.

आज बुधवार. पाच वाजता खाली जाऊन मीटर लावला, चार दिवस उभी होती, १२.६१. मग वर जाऊन बाबांना आणलं.

वऱ्हाडी_भाऊ:
लई बरं वाटलं भाऊ. बाबांना नमस्कार सांगा.